कोरड्या मशिदीतलं पाणी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आधीच सांगतो. मी गुहागरचा गवंडी. दगड, चुना, ओळंबा — एवढंच मला कळतं. तरीही हे लिहितोय...

२००८ चा जानेवारी. ओमानमध्ये सूरच्या अलीकडे, समुद्रकाठी, सातेकशे वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या मशिदीचं खोदकाम चाललं होतं. मस्कतजवळच्या बौशरमधल्या आमच्या कंपनीनं मला आणि दाभोळच्या रफीकभाईंना तिथे पाठवलं. मातीतून निळ्या टाइल्सचे तुकडे निघायचे; ते ब्रशने साफ करायचे, नंबर घालून ट्रेमध्ये ठेवायचे. रफीकभाईंचं सगळं लक्ष मात्र आठ दिवसांनंतरच्या, घरी जायच्या तिकिटाकडे. मुलगी दोन वर्षांची झाली होती आणि त्यांनी तिला अजून पाहिलंही नव्हतं!

आम्ही दोघं सेफ्टी बूट बाहेर काढूनच आत जायचो. छप्पर नाही, नमाज नाही, पण मशीद ती मशीदच ना? खोदकामाच्या मॅडम रोज ओरडायच्या, "शूज! शूज!" आम्ही आपले हो हो म्हणायचो.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास रफीकभाई पश्चिमेच्या भिंतीखाली उकिडवे बसून एक अख्खी टाइल सोडवत होते. मी ट्रे घेऊन दाराशी आलो — आणि पायाला गार पाणी लागलं. घोटा बुडेल एवढं! खाली पाहिलं तर धूळ. कोरडी ठाक.

"रफीकभाई, इकडे या! पाणी आहे इथे."

"वेडा झालास काय रे दिनू? इथे कुठलं पाणी? थांब, एवढी काढतो."

"आधी या हो!" का कोण जाणे, मी खेकसलोच.

ते कुरकुरत उठले, माझ्याजवळ आले, पाऊल टेकवलं. "या अल्ला... गार आहे की!"

तेवढ्यात मागची भिंत धाडकन खाली आली. ते बसले होते तिथे छातीएवढा दगडांचा ढीग झाला.

नंतर मॅडमनी दाराशी हातभर खणून पाहिलं. ओलसुद्धा नाही. एकट्याला भास होईल हो, दोघांना एकदम कसा? मला आजही कळलेलं नाही. बूट न घालण्याबद्दल मात्र दोघांनाही लेखी वॉर्निंग मिळाली.

रफीकभाई ठरल्या तिकिटाने घरी गेले, आणि नवव्या दिवशी दाभोळहून त्यांचा फोन आला. मागे पोर भोकाड पसरून रडत होती.

"मला बघितल्यापासून थांबतच नाही रे!" रफीकभाई म्हणाले, आणि स्वतःच रडायला लागले.

मी फोन कानाशी धरून त्या दोघांचं रडणं ऐकत राहिलो... आणि ज्या कुणी ते पाणी सोडलं, त्याला मनापासून हात जोडले.