इंजिनाला हिव भरलं तेव्हा

आमच्या वावरातलं इंजिन थंडीत चालू होईना, आणि त्याच्यापायी माझी शाळा सुटायची पाळी आली. आजही कोणी म्हणालं, की सकाळी गाडी चालू झाली नाही, तर मला ते दिवस आठवतात. पहिला राग मला थंडीचाच येतो, मग इंजिनाचा.

सेलूहून सिंदीकडे जाताना रस्त्याच्या अंगाला आमचं वावर होतं आणि वावरातच घर. पन्नास सालानंतरची गोष्ट. तोवर विहिरीवर मोट चालायची. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, बैल हाकायचा आणि मी गव्हात अनवाणी उभी राहून पाणी वळवायची. एक वाफा भरला, की मातीनं त्याचं तोंड बुजवायचं आणि दुसऱ्याचं फोडायचं. पौषातल्या त्या पाण्यात पाय असे बधिर व्हायचे, की काटा घुसला तरी संध्याकाळी कळायचं. बरं, मोटेचं पाणी ते केवढं! दिवस मावळला तरी अर्धं वावर कोरडंच. शाळेचं तर नावच काढायचं नाही.

मग बाबांनी वर्ध्याहून डिझेलचं इंजिन आणलं. चाकावर पट्टा, पट्ट्यावर पंप, आणि पाणी कसं धो धो! दादा एकटाच सकाळी गहू भिजवून मोकळा व्हायचा. बाबांचं गणित सरळ होतं. म्हणाले, "इंजिन चाललं तं पोट्टी शाळेत, नाई चाललं तं वावरात." मी सिंदीच्या शाळेत आठवीत जाऊन बसले. वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या, पण माझा तोरा काही विचारू नका.

घरात एकट्या मायला ते इंजिन बघवत नसे. "आला काळतोंड्या!" म्हणायची. त्याच्या धुरानं तिची वाळत टाकलेली लुगडी काळी व्हायची, आवाजानं गाय बिथरायची आणि पान्हा चोरायची. बाबा त्याचं कौतुक करायला लागले, की माय मुद्दाम पाठ करून बसायची. दसऱ्याला बाबांनी त्याला झेंडूचा हार घातला, तर ही बाई दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही.

त्या वर्षी थंडी अशी पडली, की डोक्याचं तेल बाटलीत थिजून बसायचं. एका दमात चालू होणारं इंजिन कुरकुरायला लागलं. रोज कालच्यापेक्षा जास्त. दादा हँडल फिरवून फिरवून घामाघूम व्हायचा. इंजिन फट्ट करायचं, काळा धूर ओकायचं आणि गप्प व्हायचं. हे थंडीमुळंच, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. शेजारच्या वावरातले काका रोज आमच्या शेकोटीला येऊन सल्ला द्यायचे. "अबे, त्याले गुळाचा चहा पाजा, अद्रक टाकून," म्हणायचे, आणि चहा आला की स्वतःच पिऊन टाकायचे.

दादानं करायचं ते सगळं केलं. चुलीवर पाणी तापवून इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत ओतलं. डिझेलची नळी सोडून फुंकली आणि पुन्हा बसवली. डिझेलात पाणी उतरलं का, ते वाटीत काढून पाहिलं. सगळं ठीक होतं, फक्त इंजिन चालू होत नव्हतं.

गहू ओंबीवर आला, आणि त्याच सुमाराला एका सकाळी इंजिनानं साफ नकार दिला. फट्टसुद्धा करेना. बाबांचा पारा चढला. "आज पाणी नाई आलं, तं उद्या हे वर्ध्याले वापस! मोट जुंपू. आन् पोट्टे, तू ते दप्तर खुंटीले टांग." मी दप्तर छातीशी धरून तशीच उभी राहिले. रडू आलं, पण त्याहून जास्त संताप आला. मी त्या इंजिनाला एक सणसणीत लाथ घातली. लागलं मलाच, त्याचं काय जातं!

दादा म्हणाला, "थांबा बाबा, एक राह्यलं." त्यानं काडीला चिंधी गुंडाळली, राकेलात बुडवली आणि पेटवली. इंजिन हवा ओढतं त्या नळीच्या तोंडाशी जाळ धरायचा, गरम हवा पोटात गेली की ते पेट घेतं, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तो जाळ जवळ नेणार, तोच मी ओरडले, "अरे थांब! ते काय लोंबून राह्यलं तिथं?"

दादानं चिंधी मातीत विझवली आणि नळीच्या तोंडावरची जाळी काढली. आत बोट घातलं, तर कापूस! तेलानं चिकट झालेला, काळपट. मूठभर निघाला, मग आणखी निघाला. आमच्याकडे कापूस कुठं नसतो? अंगणात असतो, केसांत असतो, भाकरीतही सापडतो. पण इंजिनाच्या घशात? म्हणजे थंडीचा काही संबंधच नव्हता. बिचारं गुदमरत होतं. डिझेल मिळायचं आणि हवा मिळत नव्हती, म्हणून तो काळा धूर.

त्या कापसात हिरवा दोरा होता. हिरव्या दोऱ्यानं शिवलेली, आत कापूस भरलेली गोधडी आमच्या घरात एकच, मायची. गोंधळ ऐकून तीही तिथं आली होती. बाबा तिच्याकडे वळले. "तुनं कोंबला हा? येवढं वैर?"

"मी काऊन कोंबीन?" माय उसळली.

"मंग आला कुठून?"

"गोधडी टाको मी त्याच्यावर! तुमी सारे झोपले का टाकून येओ, आन् धार काढाले उठली का काढून आणो. थंडीत बैलाले झूल टाकता ना? मंग याले कोण टाकते? ते जसं जसं कुरकुर करे, तशी मी आणखी दुहेरी करून दाबून टाको. फाटकी हाय गोधडी, कापूस सुटते तिचा. मले का मालूम, हे नाकानं ओढून घेते म्हणून!"

शेकोटीशी बसलेले काका हसता हसता तिच्यातच पडायचे राहिले. बाबांनी आधी मिशीत, मग मोठ्यानं हसून घेतलं. दादानं जाळी पुसून बसवली, हँडल मारलं, आणि पहिल्याच फेऱ्याला इंजिन टकटक टकटक करत सुटलं. पाणी पाटात आलं. मी आनंदानं अशी नाचले, की गाय पुन्हा बिथरली.

पण मला काही ते उमजेना. शाळेला निघताना मी मायला गाठलं. म्हटलं, "तुले तं ते डोळ्यासमोर नको होतं. मंग आपली गोधडी त्याले देऊन तू कुडकुडत काऊन झोपत होती?"

माय माझ्या पायांकडे बघत होती. शाळेसाठी घेतलेल्या चपला होत्या पायात.

"मले कुठं त्याची पडली?" ती म्हणाली. "त्याले हिव भरलं असतं, तं पाण्यात तूच उभी राह्यली असती ना वं."