फेलीची लाकडी सवत

फेलिसितास, आम्ही तिला फेली म्हणायचो, लग्न होऊन आमच्या सान पेद्रोत आली तेव्हा सासरच्या पुढच्या खोलीत मरियामातेची मूर्ती होती. लाकडी, कमरेएवढी, अंगात निळा मखमली झगा, चेहरा इतका गोड की बघणाऱ्यानं बघतच राहावं. मूर्ती सासूची. सासू गेल्यावर ती पोन्स्यानोकडे, म्हणजे फेलीच्या नवऱ्याकडे आली. फेलीच्या मते त्या दिवसापासून तिच्या घरात सवत शिरली.

पोन्स्यानो जीपनी, म्हणजे आमच्याकडच्या प्रवासी गाड्या, दुरुस्त करायचा. दिवसभर हात ग्रीसमध्ये, आणि तोंडातून चार शब्द निघतील तर शपथ. पण संध्याकाळी तो कोपरापर्यंत हात घासून मूर्तीसमोर उभा राहायचा, मऊ फडक्यानं तिचा चेहरा पुसायचा आणि तिच्याशी बोलायचा. आज गिऱ्हाईक कसं भांडलं, गुडघा कसा दुखतोय. फेली आत चुलीपाशी कान देऊन ऐकायची. नवऱ्याचा गुडघा दुखतो हे तिला असंच कळायचं.

"मला विचारलं तर म्हणतो, बरंय," ती मला सांगायची. "आणि त्या भवानीला सगळं सांगतो."

"अगं, देवाची आई ती! भवानी काय म्हणतेस?"

"माझ्या घरात राहते, माझ्या नवऱ्याशी गुलुगुलु बोलते. मग काय म्हणू?"

आम्ही दोघी चर्चच्या पायऱ्यांवर सांपागीताच्या, म्हणजे आमच्याकडच्या मोगऱ्याच्या, माळा विकायचो. उजाडायच्या आत तोडलेल्या पांढऱ्या, मिटलेल्या कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून यायच्या. फेली ओवायला बसली की कळीला नखसुद्धा लागायचं नाही. खाली इलांग-इलांगच्या फुलांचा पिवळा झुपका असा बांधायची की गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाकडे वळायचं नाही. पण रोजची पहिली माळ विकायची नाही, असा पोन्स्यानोचा दंडक. ती मूर्तीची.

आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात, सांपागीता म्हणजे वचन. पूर्वी मुलगा मुलीच्या गळ्यात ही माळ घाली आणि तेवढ्यानं लग्न ठरलं असं समजत. फेलीला हे पक्कं ठाऊक होतं. तिच्या गळ्यात मात्र पोन्स्यानोनं कधी एक कळी घातली नव्हती.

मे महिन्यात आमच्या वाडीची मिरवणूक निघते. घराघरातल्या मूर्ती फुलांच्या गाड्यावर बसवून, मेणबत्त्या घेऊन सगळे मागून चालतात. त्या वर्षी मरियामाता गाड्यावर चढली, बँडवाले तयार झाले, आणि पोन्स्यानो माळ घ्यायला घरात शिरला. मी दारातच होते.

"माळ कुठंय?"

"ही काय," फेली म्हणाली. पिवळा झगा घालून, केस विंचरून ती खुर्चीत बसली होती. तीनपदरी माळ तिच्याच गळ्यात होती.

पोन्स्यानोनं तिच्या गळ्याकडे बोट केलं. "काढ. लोक खोळंबलेत."

"तू घातलीस का, काढ म्हणायला?"

तो वळला, बाहेर गेला आणि लुडिव्हिनाकडून माळ घेऊन आला. लुडिव्हिना आमच्या समोरच्या पायरीवर बसायची. शिळ्या कळ्या पाण्यात बुडवून ताज्या म्हणून खपवायची, आणि फेली नि तिच्यामधून विस्तवही जात नव्हता. आता तिचीच माळ मूर्तीच्या गळ्यात!

फेलीचा चेहरा उतरला. तरी ती माळ न काढता मिरवणुकीत चालली. बायका कुजबुजत होत्या. "स्वतःलाच देवी समजायला लागली की काय?" लुडिव्हिना तर मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "काही जणींना नवरा माळ घालत नाही, मग स्वतःच घालून घ्यावं लागतं."

मला वाटलं, आता ही तिचे केस धरते. पण फेली तशीच चालत राहिली. बाजारापर्यंत जाईतो लुडिव्हिनाच्या कळ्या तपकिरी पडल्या होत्या. ते पाहून फेली खूश व्हायला हवी होती. पण ती गाड्याकडे बघून रडत होती.

घरी आल्यावर पोन्स्यानोनं विचारलं, "हे कधीपासून मनात होतं?"

"तुझी आई गेल्यापासून."

तो हातातली टोपी फिरवत म्हणाला, "मला बोलता येत नाही, फेली. आई असताना तिच्याशी बोलायचो. ती गेल्यावर तिच्या मूर्तीशी. माळ तू ओवायचीस, मी घालायचो. मला वाटायचं, हे आपण दोघं मिळून करतोय."

"मग हे मला सांगायला काय झालं होतं?"

"तेच तर म्हणतोय. बोलता येत नाही."

पुढच्या रविवारी त्यानं मूर्ती शेजारच्या बिन्यानला आपल्या भाचीकडे, मेर्लिंडाकडे पोचवली. फेलीनं अडवलं नाही. पोन्स्यानोनं फडक्यानं पुसलेला तो गोड चेहरा चादरीत गुंडाळला गेला, तेव्हाही नाही. त्यानंतर तो संध्याकाळी हात धुऊन स्वयंपाकघरात येऊन बसायला लागला. सुरुवातीला दोघंही भाताकडे बघत बसायची. हळूहळू गुडघ्याबद्दल बोलणं निघालं.

आता सगळं सुरळीत झालं असं मला वाटलं. पण एके दिवशी फेली बिन्यानहून लालबुंद होऊन आली.

"त्या मेर्लिंडानं प्लॅस्टिकची फुलं घातलीत गं! वर म्हणते कशी, मामी, ही कोमेजत नाहीत. आणि लोकांना सांगते, आमची मरियामाता! आमची कधी झाली? इतकी वर्षं माळा कुणी ओवल्या?"

"तुला तर ती सवत वाटायची."

"सवत असेना. पण माझी होती ना!"

तेव्हापासून दर शनिवारी फेली पहिली माळ ओल्या फडक्यात घेऊन बिन्यानच्या जीपनीत चढते, तिथं मूर्तीवरची प्लॅस्टिकची फुलं उचलून खिडकीबाहेर टाकते, आपली माळ घालते आणि मेर्लिंडाशी यथेच्छ भांडून येते. परवा पोन्स्यानो मला म्हणाला, "शनिवारी घरात जेवायला काही नसतं. सगळा दिवस हिचा त्या मूर्तीपाशीच जातो." तोंड चांगलंच फुगलं होतं त्याचं.