दहा टोल

आमच्या धायरीतल्या सरकारी हायस्कूलचे यंदा चार भाग झाले. मुलांकडे नीट लक्ष देता यावे म्हणून प्रत्येक भागाला वेगळे मुख्याध्यापक आणि मधल्या सुट्टीची वेगळी वेळ. घंटा मात्र एकच. म्हणून पहिल्या भागाच्या सुट्टीला एक टोल, दुसऱ्याच्या सुट्टीला दोन, असे ठरले.

टोल देणारे शिपाई काहीही विचारले की आधी घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघतात. माझी मुलगी दुसऱ्या भागात आणि तिची एकुलती एक मैत्रीण चौथ्यात गेल्यापासून मुलीचा डबा भरलेलाच परत येत होता. भाग बदलून मिळावा म्हणून मी अर्ज घेऊन गेलो.

"चार सायबांच्या सह्या लागत्यात," शिपाई मनगटाकडे बघून म्हणाले. "तवर पोरगी उपाशीच ऱ्हाणार व्हय?"

ते उठले आणि त्यांनी सलग दहा टोल दिले. चारही भागांतली मुले डबे घेऊन मैदानात धावली. मागोमाग चारही मुख्याध्यापक आले.

"अहो, दहा टोल कुठल्या भागाचे?"

"एक, दोन, तीन, चार. बेरीज करा की, सर."

मी बोटांवर करून पाहिली. बरोबर होती.

त्या संध्याकाळी मुलीचा डबा रिकामा आला. झाकणाला आमच्या घरी कधीच न होणारी जवसाची चटणी लागली होती.