पुलावर भेटलेला वाचक

सायकलची घंटी दोनदा वाजायची आणि पाठोपाठ हाक यायची, "बाई, पिशवी आली जी!" मी दार उघडेपर्यंत ते पायरीवर उभे राहून खादीची पिशवी रुमालाने झटकत असत. धूळ असो वा नसो.

मुलांनो, त्या पिशवीत काय असे ते आधी सांगते. अकोल्यात आमचे एक लहानसे लेखक मंडळ होते. छापण्याची ऐपत नव्हती, म्हणून दर दोन महिन्यांनी सर्वांच्या कविता-कथांचा एकच हस्तलिखित अंक निघे आणि तो पिशवीतून घरोघर फिरे. प्रत्येक लेखनानंतर एक पान कोरे सोडलेले असे, वाचणाऱ्याने अभिप्राय लिहावा म्हणून. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवी आणि मंडळाची चिटणीस होते. पिशवी कोणत्या घरी कधी पोचली, कधी निघाली, याची वही माझ्याकडे.

अंक लिहून काढणारे आणि पोचवणारे मात्र सायकलवरून येणारे ते गृहस्थ. कचेरीत नक्कलनवीस होते. दिवसभर सरकारी कागदांच्या नकला करून संध्याकाळी आमच्या कवितांच्या करत. ते बौद्ध होते, मंडळात एकटेच. त्यांना सभासद करून घेतल्याचा आम्हाला अभिमान होता. पण पिशवी घेऊन आले की ते पायरीवरच थांबत, आणि 'आत या' म्हणायचे मला बहुतेकदा सुचत नसे.

दर अंकात त्यांचीही एक गोष्ट असे. पिशवी परत आली की ते विचारत, "कोनं काही लिवलं काय, बाई?"

मी पान उघडून दाखवी. कधी कोरे, कधी एकच ओळ: 'अक्षर मोत्यासारखे.'

"अक्षर तं हायेच जी," ते हसत. "त्याचा तं पगार भेटते मले."

एका अंकात त्यांनी आईची गोष्ट लिहिली. भर उन्हात ती विहिरीपासून दूर रिकामी घागर घेऊन बसली आहे, कोणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. बाया येतात, पाणी भरतात, जातात. गोष्ट संपते तेव्हाही ती बसलेलीच असते. मी ती दोनदा वाचली. लिहायचे ठरवले. पण चांगले, नेमके लिहावे म्हणून शब्द जुळवत राहिले आणि पिशवी पुढे गेली.

परत आली तेव्हा त्या पानावर पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेले होते: 'घागर डोळ्यांपुढून जात नाही. लेखकाने लिहीत राहावे. एक वाचक.'

रविवारच्या बैठकीत, जठारपेठेत वकीलसाहेबांच्या ओसरीवर, मी सर्व अभिप्राय वाचून दाखवले. हाही वाचला. मग माझी वही उघडली. माझ्या घरून पिशवी निघाली तेव्हा हे पान कोरे होते. पुढचे घर मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंचे, आणि त्या म्हणत होत्या की त्यांच्याकडे अंक आला तेव्हा ओळी होत्याच.

"म्हणजे हा वाचक," मी म्हणाले, "मोर्णेच्या पुलावर भेटला असणार!"

ओसरी हसली. वकीलसाहेब म्हणाले, "सायकलवर बसल्याबसल्या वाचली म्हणायची!"

तेही हसले. रुमालाने मान पुसत म्हणाले, "हाव जी, पुलावरच भेटला. लय घाईत होता तो."

कोणी लिहिले ते मला तेव्हा कळले नव्हते, असे तुम्हाला लिहिले तर खोटे होईल. माझी वही किती चोख आहे, ते मला दाखवायचे होते.

पुढच्या अंकात त्यांची गोष्ट नव्हती. त्यानंतर कधीच नव्हती. सहा वर्षे ते आमचे लिहून काढत राहिले, पिशवी वेळेवर आणत राहिले. अभिप्रायांचे मात्र पुन्हा विचारले नाही. एकदा मीच म्हटले, "तुम्ही का लिहीत नाही आताशा?"

"लिवतो ना, बाई. तुमचं लिवून राहिलो."

घागरीची गोष्ट मला आवडली होती, एवढे वाक्य तेव्हाही सांगता आले असते. मी म्हटले, "पुढचा अंक दिवाळीआधी हवा."

मग त्यांची अमरावतीला बदली झाली; सुट्टीत येऊन अंक लिहून देईन, असे सांगून गेले. तिथे पहिल्याच पावसाळ्यात कावीळ होऊन ते गेले. वकीलसाहेबांना कार्ड आले, त्यांनी ते बैठकीत वाचले. मग अंक आता कोण लिहून काढणार, यावर चर्चा झाली. कोणीच तयार झाले नाही. मंडळ तिथेच संपले.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून तो जुना अंक काढला. पेन्सिलीच्या ओळींखाली शाईने माझा अभिप्राय लिहिला. सोपा होता, चारच ओळी झाल्या. खाली पूर्ण नाव लिहिले, तारीख घातली. अंक पिशवीत घालून नाडी बांधली, वहीत निघण्याची वेळ लिहिली आणि सवयीने पिशवी दारातल्या खिळ्याला अडकवली.

संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती.