हललं तरच दिसतं

आत आल्यावर तिनं कुणाला काही विचारलं नाही. खांद्यावरची बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. सरळ मालकाच्या टेबलामागे गेली, वाकली आणि भिंतीतला प्लग उपटला. कपाटावरचं काळं डबडं घुर्र करून गप्प झालं. टीव्हीवरचे चारही चौकोन विझले.

"ए बाई! काय चाललंय?" मालक खुर्चीतून अर्धे उठले.

"थांबवलं. दर गाडीला शनिवार खातंय ते."

"काय खातंय?"

"शनिवार! मागच्याच्या मागचा."

एरवी तिनं नीट समजावलं असतं. ती कॅमेरेवाली. दुकानं, गोदामं, शाळा, जिथं कुणावर नजर ठेवायची असेल तिथं कॅमेरे लावते. या मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यातले कॅमेरेही तिनंच लावलेले, धंद्यात नवीन होती तेव्हा. पण आज ती कॅमेरेवाली म्हणून आली नव्हती. या कारखान्याच्या फाटकावर जो चौकीदार होता तो तिचा थोरला भाऊ, आणि त्याला सगळे चोर म्हणत होते.

दादाला कारखान्यातली माणसं 'खांब' म्हणायची. स्टुलावर बसला की बसला. माशी बसली तरी ढिम्म. हाक मारली की आधी डोळे हलायचे, मग मान. फाटकाच्या मागे एक खोली होती, त्यात तो, वहिनी आणि त्यांचा मुलगा. नोकरी होती तोवर खोली.

झालं होतं असं. तांब्याच्या तारेचं एक मोठं रीळ गायब. दादा म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी तुमचे मेहुणे टेम्पोत घालून घेऊन गेले. मीच फाटक उघडलं." मालकांचा मेहुणा म्हणाला, मी शनिवारी इकडे फिरकलोसुद्धा नाही. वर त्यानंच टीव्ही लावून मालकांना दुसऱ्या दिवशीचा रविवार दाखवला. दुपारी जवळजवळ दोन तास काहीच रेकॉर्ड नाही. "बघा भाऊजी, सुट्टीचा दिवस बघून यानं कॅमेरा बंद केला आणि रीळ काढलं. आता माझ्यावर ढकलतोय." मालकांना पटलं. न पटायला काय, बायकोचा भाऊ तो. खोली खाली करा म्हणून निरोप गेला आणि वहिनीनं नणंदेला रडत फोन केला.

फोन ठेवताच कॅमेरेवाली बॅग उचलून निघाली, कारण त्या रेकॉर्डिंगच्या डबड्यात किती मावतं ते तिला माहीत होतं. दहा-बारा दिवस, बस. डिस्क भरली की ते सगळ्यात जुनं पुसायचं आणि त्या जागी नवं लिहायचं. फाटकावर एक गाडी आली की तिकडे शनिवारचा एक तुकडा गेला. ती सिग्नलला थांबली तरी तिला वाटत होतं, गेला, अजून एक गेला.

आता तुम्ही म्हणाल, आजकाल दहा-बारा दिवस कोण ठेवतं? बरोबर आहे. पण ते डबडं बसवलं तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

ती या धंद्यात आली ती कॅसेटच्या काळात. रोज सकाळी जाऊन कॅसेट बदलायची. त्याच त्या कॅसेट घासून घासून शेवटी चोर आणि मालक दोघंही धुक्यात चालल्यासारखे दिसायचे. मग डिस्क आल्या. सगळे म्हणाले सुटलो. कसले सुटलो! चारही कॅमेरे मिळून जेवढ्याला पडायचे त्याहून ती एक डिस्क महाग. आणि मावायचं किती? आज तिच्या भाच्याच्या फोनमध्ये नुसत्या मांजरीचे व्हिडिओ त्याहून जास्त आहेत.

गिऱ्हाइकांचं रडगाणं एकच. छोटी डिस्क टाका, पण जास्त दिवस बसवा. बसवा म्हणजे काय, ट्रंकेवर गुडघा ठेवून कपडे कोंबतात तसं. ती त्यात तरबेज झाली. चित्र लहान कर, सेकंदाला फोटो कमी घे, रंग फिके कर. आणि सगळ्यात मोठी युक्ती ही, की समोर काही हललं तरच लिही. नाही हललं तर डोळे मिटून पड. त्या एका युक्तीवर तिचा धंदा उभा राहिला. इथं तर हा मालक किती घासाघीस करत होता! शेवटी ती म्हणाली होती, "लहानच टाकते. दहा दिवस पुरली नाही तर दुसरी माझ्या पदरची." पहिलं मोठं काम होतं, आणि दादानं मालकाकडे शब्द टाकून मिळवून दिलेलं. हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

आता नखाएवढ्या कार्डात तसल्या डिस्कांचा ढीग मावतो आणि ते कार्ड चपलेच्या भावात येतं. आता कुणी बसवा म्हणत नाही. सगळंच ठेवा म्हणतात. ठेवतात, आणि बघत कुणीच नाही. इथल्या मालकांनी मात्र ते जुनं डबडं काढलं नव्हतं. तिनं कितीदा सांगितलं, बदला. "एवढी महाग घेतलीय," म्हणायचे, "चालतंय ना? चालू दे."

तर ती आता डबड्याच्या मागे हात घालून कॅमेऱ्यांच्या वायरी काढत होती. चारही काढल्या. कॅमेरेच नाहीत म्हटल्यावर लिहिणार काय? मग प्लग परत लावला. डबडं कण्हत, कुंथत सुरू झालं. असं चालू डबडं उपटायचं नसतं, डिस्क बिघडते. हे तीच सगळ्यांना ओरडून सांगते. तिनं ओठ दाताखाली धरला. टीव्हीवर अक्षरं आली तेव्हा तिनं श्वास सोडला.

तेवढ्यात मेहुणा आला. "ही कशाला हात लावतेय? भावाची बाजू घेऊन पुसून टाकेल."

"पुसायचं असतं तर घरी झोपले असते. ते आपोआप पुसलं जातंय."

"भाऊजी, हिला बाहेर काढा."

"थांब रे," मालक म्हणाले. "बघू तर दे."

दादा दारात उभा होता. आत ये म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो आत आला नव्हता. वहिनी त्याच्या मागे.

कॅमेरेवालीनं सगळ्यात जुनी तारीख काढली. शनिवारच होता, पण सकाळ खाल्लेली, दुपार खाल्लेली. उरलेला तुकडा संध्याकाळी सुरू होत होता. तिनं बटण दाबलं.

फाटक उघडं. दादा ते धरून उभा. टेम्पो बाहेर निघालेला, तो आत आल्याचा तुकडा पुसला गेलेला. ड्रायव्हरचं तोंड म्हणजे चार राखाडी ठोकळे. मागे दोरीनं बांधलेलं गोल, मोठं काहीतरी.

"हे रीळ," ती म्हणाली.

"पाण्याची टाकीपण अशीच दिसते," मेहुणा म्हणाला. "आणि चालवतोय कोण? तुझा बाप?"

खरं होतं. तोंड ओळखू येत नव्हतं. तिनंच चित्र लहान केलेलं, जागा वाचावी म्हणून. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पुढे केलं, मागे केलं. पुढे, मागे. घाईत बटण दोनदा दाबलं जात होतं.

"थांब," वहिनी दारातून म्हणाली. "ती मागची फळी बघ."

टेम्पोच्या मागच्या फळीला वरची पट्टी फिकी होती आणि खालच्या गडद. एकच पट्टी नवीन बसवलेली. मालकांनी टीव्हीकडे बघितलं. मग खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर मेहुण्याचा टेम्पो उभा होता. वरची पट्टी पिवळी, खालच्या निळ्या.

मालक मेहुण्याकडे वळले.

"अरे हां," मेहुणा म्हणाला. "मीच नेलं असेल. दुसऱ्या वर्कशॉपला अर्जंट हवं होतं. डोक्यातून गेलं."

डोक्यातून गेलं! एका माणसाला चोर ठरवेपर्यंत ते डोक्यात परत आलं नाही. पण मालकांनी मेहुण्याला जाब विचारला नाही. रात्री घरी बायकोला तोंड दाखवायचं होतं त्यांना. त्यांनी खाकरून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे, रीळ नाही चोरलं. पण मग रविवारी कॅमेरा का बंद केला यानं?"

"बंद नाही केला हो. हे हललं तरच लिहितं. तुम्हीच नव्हतं का सांगितलं, जास्त दिवस बसवा? समोर काही हललं नाही, म्हणून लिहिलं नाही."

"आणि हा? हा समोर स्टुलावर बसलेला असतो ना?"

हा विचार तिनं केलाच नव्हता.

मालक जिद्दीला पेटले. फाटकाच्या कॅमेऱ्याची वायर तिला परत लावायला सांगितली आणि स्वतः जाऊन दादाच्या स्टुलावर बसले. तिथून ओरडले, "बसलोय! अजिबात हलत नाही!" डबड्यावरचा, लिहिताना लागतो तो लाल दिवा विझला. क्षणभरानं मालकांनी मान खाजवली. दिवा लागला. परत विझला. मालकांनी पाय बदलला. लागला. मग खिशातला फोन वाजला आणि मालक अख्खेच उडाले. बाहेरची पोरं फिदीफिदी हसत होती.

मालक लालबुंद होऊन परत आले. "जागा माणूस इतका वेळ असा बसूच शकत नाही. लाव तो रविवार."

तिनं लावला. ती मोकळी जागा गेली आणि पुढचा तुकडा सुरू झाला. पाण्याचा टँकर फाटकाशी आलेला. दादा स्टुलावर. त्यानं आधी नाक खाजवलं, चांगलं खसाखसा. मग दोन्ही हात वर करून आळस दिला. पाय ताणले. मग कुठं उठून फाटक उघडलं.

"हे बघ!" मेहुण्यानं टाळी वाजवली. "झोपेतून उठलाय लेकाचा!"

मालकांनी अजून दोन गाड्या बघितल्या. सोमवार, मंगळवार. दर वेळी तेच. गाडी आली की खाज, आळस, मग फाटक.

"म्हणजे रोजच झोपतोस तू," मालक म्हणाले. "मी पगार झोपायचा देतो?"

"दादा, बोल ना!" ती ओरडली. "सांग ना, जागा होतास म्हणून!"

दादानं तिच्याकडे बघितलं. मग कपाटावरच्या डबड्याकडे. परत तिच्याकडे.

"लागला असेल डोळा," तो म्हणाला.

झालं. चोर नाही, पण झोपाळू. मालकांना तेवढं पुरलं. रीळ नेणारा मेहुणा टेम्पो घेऊन घरी गेला आणि दादानं त्याच आठवड्यात सामान बांधलं. वहिनी, मुलगा, ट्रंक, गॅस, सगळं कॅमेरेवालीच्या दोन खोल्यांत आलं.

तिनं त्याला सोडलं नाही. सोडणार कशी, जीव होता तिचा त्याच्यावर. म्हणून तर जास्त बोलायची. सकाळी चहा देताना म्हणायची, "उठलात का साहेब? की गाडी येईपर्यंत थांबू?" दादा हसायचा. "मी तिथं भांडत होते तुझ्यासाठी आणि तू म्हणतोस डोळा लागला! निदान खोटं तरी बोलायचंस!" दादा परत हसायचा. वहिनी पदराशी चाळा करत आत निघून जायची. कॅमेरेवाली मग बॅग उचलून बाहेर पडायची, जिन्यात थांबायची, उगाच परत वर यायची, काही विसरलंय का बघायची. महिनोन् महिने तिच्या पायाला चैन नव्हतं. त्या कारखान्यातून नव्या डबड्याचं काम आलं तेव्हा तिनं फोनवरच सांगितलं, दुसरा कुणी बघा. बाहेर मात्र दादाबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर ती त्याच्या अंगावर धावून जायची.

दादाला पुढे एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये काम लागलं. तिथले कॅमेरे अखंड चालतात. हललं, नाही हललं, सगळं लिहितात, जागेची ददात नाही. तिथंही लोक त्याला खांबच म्हणतात.

बाकीचं मला हे लिहायला बसल्यावर कळलं. मी वहिनीला सहज विचारलं, खरंच झोपायचे का हो ते? ती म्हणाली, "छे गं, पापणी मिटत नसे त्यांची. कॅमेरे लावले त्या दिवशी माझी ही नणंदच शिडीवरून म्हणाली होती, दादा, उगाच हलू नको रे, तू हललास की डिस्क भरते, आणि भरली की दुसरी माझ्या बोकांडी. गंमतीत म्हणाली, विसरूनही गेली. यांनी नाही विसरलं. तेव्हापासून नाकाला खाज आली तरी हात वर नाही. गाडी आली की मग खाजवून घ्यायचे, म्हणायचे, आता तर ते चालूच झालंय."