वरच्या पट्टीतला विलास

विमान खाली उतरू लागलं तसा समुद्र आधी हिरवा, मग फिका आणि शेवटी जवळजवळ पांढरा दिसू लागला. पाणी इतकं उथळ की वरून तळाची वाळू दिसत होती. बहारीनचा विमानतळ मुहर्रक नावाच्या बेटावर आहे आणि माझी भाची अनघा तिथून दहा मिनिटांवर, अरादमध्ये राहते. ती एका बँकेत आहे. आठ वर्षं ती मला बोलावत होती आणि मी दरवेळी काही ना काही निमित्त सांगून टाळत होतो. खरं कारण तिला माहीत नव्हतं. एवढ्याशा त्या देशात विलास राहत होता.

ऑक्टोबर लागला होता, तरी दुपारी बाहेर उभं राहवत नव्हतं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर अनघा मला अरादच्या किल्ल्याकडे फिरायला घेऊन गेली. मातीच्या रंगाचा, बुटका, गोल बुरुजांचा किल्ला. आपल्याकडच्या किल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला तो आधी खेळण्यासारखा वाटतो. ओहोटी होती आणि उघड्या पडलेल्या चिखलात लांब पायांचे पक्षी काहीतरी वेचत होते. आम्ही करक (दूध आटवून केलेला कडक, गोड चहा) घेऊन बाकावर बसलो.

“मामा, तू कोणाला तरी भेटायला आलायस, असं आई म्हणाली,” अनघा म्हणाली.

मग मी तिला आमच्या क्रोम पीकॉक या बँडबद्दल सांगितलं. मामा तरुणपणी बँडमध्ये होता एवढंच तिला ठाऊक होतं. तो कसला बँड होता, हे आमच्या घरात कोणी मुलांना सांगितलं नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही चौघं पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. गिरीश गिटार वाजवायचा, मी बेस, नेल्सन ड्रम्स आणि विलास गायचा. परदेशातल्या ग्लॅम मेटल बँडची छायाचित्रं कुठल्याशा जुन्या मासिकात पाहून आम्ही वेडे झालो होतो. तसे उभे केस राहावेत म्हणून आम्ही साखरेचं पाणी लावायचो आणि कार्यक्रमभर डोक्यावर माश्या यायच्या. रिक्षाच्या सीटला लावतात त्या रेक्झिनच्या विजारी एका शिंप्यानं आम्हाला शिवून दिल्या होत्या. त्यात बसता येत नसे. बहिणींचं काजळ आम्ही चौघांत वाटून घ्यायचो. लोक हसायचे, पण विलासनं तोंड उघडलं की हसणं थांबायचं. त्याचा आवाज विलक्षण उंच जायचा, आणि वर गेल्यावर तिथे आरामात राहायचा. माईक तपासताना इतर लोक हॅलो हॅलो म्हणत, विलास थेट एक वरचा सूर लावायचा. मागच्या रांगेतली माणसं दचकून वळून बघायची.

नगर, सांगली, बेळगाव असे कॉलेजांचे कार्यक्रम झाले. गाणी आमची स्वतःची, इंग्रजीतली. एक कॅसेट निघाली. ती कोणाला आठवत असेल असं वाटत नाही.

दोन-तीन वर्षांत हवा बदलली. तिकडून नवे बँड येऊ लागले, मळक्या शर्टातले, मान खाली घालून, खालच्या पट्टीत दुःखानं गाणारे. काजळ आणि चकाकी एकदम हास्यास्पद झाली. कॅसेट कंपनीच्या माणसानं आम्हाला सांगितलं, “हे मोराचे पिसारे आता बंद करा.” आम्ही केस कापले, साधे शर्ट घातले, गिटारी खालच्या सुरात लावल्या आणि दुसरी कॅसेट तशा उदास सुरात केली. विलासनं मान डोलावली, प्रयत्न केला. पण खालच्या पट्टीत त्याचा आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटायचा. कॅसेट पडली. मग विलास बँडमधून बाहेर पडला आणि बहारीनच्या एका हॉटेलात गायची सहा महिन्यांची नोकरी घेऊन इकडे आला. तो इथेच राहिला. आम्ही दुसरा गायक घेतला, पुढे हिंदीत गेलो, नेल्सन कॅनडाला गेला, आम्ही लग्नांत वाजवलं. सांगलीच्या शेवटच्या कार्यक्रमाला खुर्च्या जास्त आणि माणसं कमी होती.

“मग इतकी वर्षं तू त्यांना भेटला का नाहीस?” अनघानं विचारलं.

त्याचं उत्तर मी तिला त्या दिवशी दिलं नाही. गिरीश मागच्या वर्षी गेला. त्याच्या तेराव्यालाच माझ्या लक्षात आलं होतं की आता ती गोष्ट ठाऊक असलेला मी एकटाच उरलो.

दुसऱ्या दिवशी मी हमद टाउनला निघालो. मुहर्रकला बस बदलली, मनामाला पुन्हा बदलली. बसमध्ये गारवा होता आणि बहुतेक प्रवासी माझ्यासारखेच दुसऱ्या देशांतले. हमद टाउन ही आखून वसवलेली वस्ती आहे. एक लांबलचक रस्ता आणि त्यावर ओळीनं दवार (वाहतुकीचे गोल चौक), प्रत्येकाला नंबर. पत्ता विचारला की लोक दवारचा नंबर सांगतात. विलासनं फोनवर बोलून पाठवलेल्या निरोपात मला ‘सतरा’ ऐकू आलं होतं. मी सतराला उतरलो. सगळीकडे सारखीच पिवळसर घरं, सारखीच दारं. अर्धा तास हिंडल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. कोपऱ्यावर कोल्ड स्टोअर (किराणा आणि थंड पेयांचं लहान दुकान) होतं. दुकानदार केरळचा होता. त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि लबान (आपल्या ताकासारखं पेय) दिलं.

“किधर जाना है, चाचा?”

मी त्याला निरोप ऐकवला. त्याला मराठी येत नव्हतं, तरी ऐकून तो म्हणाला, “ये सात बोलता है. सतरा नहीं, सात. आप बहुत दूर आ गया.”

शेवटी विलासच मला न्यायला आला, शाळेची व्हॅन घेऊन. मी त्याला ओळखलं नाही. डोक्यावर एकही केस नव्हता, अंगावर चालकाचा निळा शर्ट. त्यानं खिडकीतून पाहिलं आणि म्हणाला, “सुध्या, चढ लवकर. इथे थांबू देत नाहीत.”

त्याची बायको मारिसेल फिलिपिन्सची. हॉटेलच्या बँडमध्ये ती कीबोर्ड वाजवायची. तिनं माचबूस (मसालेदार भात, त्यात मासा) केला होता. ती माझ्याशी इंग्रजीत आणि विलासशी तीन भाषांच्या मिश्रणात बोलत होती, मध्येच ‘खलास’ (झालं, संपलं) म्हणत. दोघांची मुलगी दुबईला नोकरी करते. “मराठी समजतं तिला,” विलास म्हणाला, “उत्तर इंग्रजीत देते.”

जेवताना त्यानं हॉटेलच्या दिवसांबद्दल सांगितलं. पाहुणे जेवत असताना मंद गाणी म्हणायची. कोणाचा घास थांबता कामा नये, असं व्यवस्थापकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वीस वर्षं त्यानं कोणाचा घास थांबवला नाही. मग हॉटेलांनी बँड ठेवणं बंद केलं. आता तो सकाळी आणि दुपारी शाळेची मुलं नेतो-आणतो, उरल्या वेळात लोकांचे स्पीकर दुरुस्त करतो, कार्यक्रमांना लावून देतो.

“आज जनाबियाला भोंडला आहे. आपल्या मराठी बायकांचा. साउंड माझा. येतोस?” त्यानं विचारलं.

जनाबिया म्हणजे उंच भिंतींआड बंगल्यांच्या वसाहती. फाटकावर नाव लिहून आत गेलो. सभागृहात मध्ये पाटावर हत्तीचं चित्र मांडलेलं होतं आणि टेबलावर झाकलेले खिरापतीचे डबे. बायका यायला अवकाश होता. मी वायरी सोडवल्या, विलासनं जोडल्या. मग त्यानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, “हॅलो. हॅलो. वन, टू.”

मला राहवलं नाही. “असं नको रे. पूर्वीसारखं कर ना. एक सूर लाव.”

“आवाज कुठे राहिलाय,” तो वायर गुंडाळत म्हणाला. “दुसऱ्या कॅसेटच्या वेळीच गेला. कंपनीनं ओळखलं म्हणून तर मला काढलं. तेव्हा राग आला होता. नंतर वाटलं, बरोबरच होतं त्यांचं. तुम्ही दोघं माझ्यासाठी भांडलात, हेच पुष्कळ झालं.”

आम्ही भांडलो नव्हतो. मी जवळच्या खुर्चीवर बसलो.

“विलास, कंपनीनं तुला काढलं नाही. त्या माणसानं एवढंच विचारलं होतं की पुढच्या कॅसेटला आवाज कोणाचा ठेवायचा, तुम्ही ठरवा. गिरीशनं आणि मी ठरवलं. तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. म्हणून कंपनीचं नाव पुढे केलं. तुझा आवाज बसलाय असं ते म्हणतात, हे वाक्य माझं होतं.”

तो बराच वेळ वायर गुंडाळतच राहिला. गुंडाळून झाल्यावर ती त्यानं पुन्हा सोडली आणि परत गुंडाळली.

“गिरीशला मी दर दिवाळीला फोन करायचो,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“तो कधी काही बोलला नाही.”

तेवढ्यात बायका आल्या. नऊवारी, गजरे, हसणं. एकीनं येऊन विचारलं, “विलासदादा, माईक चालू आहे ना?” “हो ताई,” तो म्हणाला आणि कामाला लागला. हत्तीभोवती फेर धरून त्यांनी गायला सुरुवात केली. तो मिक्सरपाशी उभा होता, आवाज कमी-जास्त करत. त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पहिलं गाणं संपल्यावर तो माझ्याजवळ आला.

“तुझ्यासाठी टॅक्सी बोलावलीय. मी आज तुला सोडायला येऊ शकणार नाही.”

टॅक्सीवाला गुहागरचा निघाला. माझं नाव ऐकून मराठीत बोलू लागला. माझा पडलेला चेहरा त्यानं आरशात पाहिला असावा. “काका, बरं नाय वाटत काय? गाडी थांबवू?” मी नको म्हणालो. त्यानं गाडीतला गारवा थोडा कमी केला. अरादला उतरताना म्हणाला, “घरी जाऊन पडा जरा.”

अनघाला मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. तिनं माझी समजूत काढली नाही, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. “तू खोटं बोललास मामा,” ती म्हणाली, “आणि ते त्यांनी खरं धरून आयुष्य काढलं.” मग तिनं मला जेवायला वाढलं.

पुढचे दोन दिवस मी मुहर्रकच्या गल्ल्यांतून फिरलो. जुन्या घरांच्या कोरीव दारांपुढे उभा राहिलो, भट्टीतून काढलेली खुब्ज (जाडसर रोटी) कागदात गुंडाळून घेतली, मासळीबाजार पाहिला. वर्णन करण्यासारखं पुष्कळ होतं, पण माझं लक्ष फोनकडे होतं. विलासचा फोन आला नाही. मीही केला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी, शाळेची मुलं सोडून, तो अरादला आला. अनघा कामावर गेली होती. आम्ही किल्ल्याच्या बाजूनं किनाऱ्यावर चालत गेलो. भरती होती, चिखल सगळा झाकलेला.

“एकच विचारायचंय,” तो म्हणाला. “खरं सांग. दुसऱ्या कॅसेटवर माझा आवाज वाईट होता का?”

“नाही. आवाज होता तसाच होता. गाणी आम्ही खालच्या पट्टीत बांधली. तू तिथे उतरत नाहीस म्हणून दोष तुला दिला. ती फॅशन होती विलास, आणि आम्हाला तिच्या मागे धावायचं होतं. तू नसतानाही आम्ही कुठे पोचलो नाही.”

तो पाण्याकडे पाहत होता.

“हॉटेलात पहिल्या आठवड्यात मारिसेलनं मला विचारलं होतं, तू वर का जात नाहीस, वर जाताना घाबरतोस असं वाटतं. मी तिला म्हणालो, माझा आवाज गेलाय, डॉक्टरनं सांगितलंय. डॉक्टर कुठला. तूच.” मग तो म्हणाला, “पंचवीस वर्षांचा होतो मी, सुध्या.”

मी माफी मागितली. शब्द फार लहान होते, पण दुसरे नव्हते.

“माफ केलं असं मी आत्ता म्हणणार नाही,” तो म्हणाला. “उगाच म्हटलं तर तेही खोटंच होईल. मारिसेलला सांगितलंय मी. ती तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त चिडलीय.” मग घड्याळ पाहून तो परत वळला. “मुलांना आणायची वेळ होतेय. फोन करत जा. गिरीश कधी करत नव्हता, मीच करायचो. आता तू कर.”

व्हॅन वळून गेली. त्याच दुपारी मी विमानात बसलो.

पुण्यात परतून आता तीन महिने झाले. प्रवासाहून आलेला माणूस काय पाहिलं ते सांगतो. मी लोकांना किल्ला सांगतो, पांढरा समुद्र सांगतो, नंबर घातलेले चौक सांगतो. आमचा बँड का संपला असं कोणी विचारलं, तर पूर्वी मी काळ बदलला म्हणायचो. काळ बदलला होताच. काळाबरोबर सगळेच बदलतात, आम्हीही बदललो, त्यात गुन्हा काही नव्हता. आम्ही एका माणसाला त्याच्याच गळ्याबद्दल खोटं सांगितलं, ते मात्र काळानं केलेलं नाही.

दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, मी फोन करतो. तो कधी उचलतो, कधी नाही. उचलला तर गुडघ्याचं दुखणं, शाळेच्या परीक्षा, मुलीचं दुबईतलं घर, असं बोलतो. एकदा मारिसेलनं उचलला आणि ‘वेट’ एवढंच म्हणून फोन त्याला दिला. गाण्याचा विषय अजून निघालेला नाही. मी तो काढत नाही. तो विषय त्याचा आहे. त्याला वाटेल तेव्हा तो काढेल, किंवा काढणार नाही, आणि मी पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन करेन.