गंजीशी बोलणारी

महागावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी मुकादमीण झाले तेव्हा वय पंचवीस होतं आणि अक्कल त्याच्या निम्मी. म्हणून तर एका बाईला चेटकीण समजून मी गंजीवरून हलवलं.

कापसाचे भाव पडले होते. माल उठत नव्हता, आवारात कापसाच्या गंज्या, घराएवढे ढीग, महिनोन्महिने पडून होत्या. कापूस निवडणाऱ्या बायांत ती एकटीच कोलाम आदिवासी. रोज सकाळी ती गंजीत कोपरापर्यंत हात खुपसायची, डोळे मिटायची आणि आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटायची. बाकीच्या बाया माझ्या कानाशी लागल्या, "बाई, ते कापसाशी बोलते. काही करून ठेवीन ते."

मी मोठी न्यायाधीश! चौकीदाराला विचारलं, वजनकाटेवाल्याला विचारलं, चहावालीलासुद्धा सोडलं नाही. मग तिच्या हातात झाडू दिला आणि फाटकाशी धाडलं. झाडता झाडता ती गंजीकडे बघत राहायची, तेवढंच.

चौथ्या दिवशी भर दुपारी, वारा नसताना, गंजीच्या शेंड्यातून धूर निघाला. जाळ कुठेच दिसेना. गंजी आतून जळत होती.

पाणी मारून झाल्यावर ती फाटकाकडून आली. माझा हात धरून तिनं शेजारच्या गंजीत खुपसला. आत ताप चढलेल्या अंगासारखं गरम लागलं. दबून पडलेला दमट कापूस असाच आतून तापत जातो. मी हात ओढू लागले. तिनं सोडला नाही.

"रोज हेच पाहत होती मी, आन् थंड राह्य म्हनत होती," ती म्हणाली. "बाई, माह्याबद्दल तुम्ही साऱ्यायले इचारलं. मले काहून नाही इचारलं?"